थ्रो आणि स्ट्रोक: पिस्टन नेमका किती वर येणार?

नाशिकच्या सातपूर किंवा अंबडला क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीचं फिरण्यात रूपांतर करणारा दांडा) ग्राइंडिंगला टाकून चहा घेत उभं राहिलं की कोणीतरी हमखास सांगायला लागतं, "मोठ्या इंजिनचा क्रँक टाकतोय. 6 एमएम जास्त आहे, म्हणून पिस्टन 6 एमएम खाली घेतलेत." मी विचारतो, काय 6 जास्त आहे, थ्रो का स्ट्रोक? उत्तर येतं, "तेच ते."

तेच ते नाही. नेमक्या याच ठिकाणी इंजिनं मातीत जातात.

बोअर म्हणजे सिलेंडरचा व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टनचा वरून खालपर्यंतचा प्रवास, सीसी म्हणजे दोन्हींतून येणारं आकारमान; ते जास्त उगाळत नाही. थ्रो म्हणजे मेन जर्नलच्या (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यावर फिरतो तो भाग) मध्यापासून क्रँकपिनच्या (जिथे पिस्टनचा रॉड जोडतात) मध्यापर्यंतचं अंतर. स्ट्रोक त्याच्या दुप्पट. इथपर्यंत सगळे माना डोलावतात. घोळ होतो तो पुढच्या पायरीवर: स्ट्रोक 6 मिमीने वाढला तर पिस्टन वरच्या टोकाला फक्त 3 मिमी जास्त वर येतो. उरलेले 3 मिमी तो खालच्या टोकाला जास्त खाली जातो. पटत नसेल तर सायकल आठवा. पायडलची दांडी 170 मिमीची असेल तर पाय वर-खाली 340 मिमी फिरतो. दांडी 175ची केली तर हा प्रवास 10 मिमीने वाढतो, पण पाय वरच्या बाजूला 5 मिमीच जास्त जातो. पाय 10 मिमी वर आला म्हणून कोणी सीट तेवढी चढवत नाही. पिस्टनच्या बाबतीत मात्र लोक बिनदिक्कत तेच करतात.

उलटी चूकही तितकीच होते, कारण मोजायच्या दोन पद्धती आहेत. क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवायचा, पिन सगळ्यात वर आणून हाइट गेज लावायचा, मग अर्धा फेरा फिरवून पिनचा तोच माथा परत मोजायचा. जो फरक येतो तो थेट स्ट्रोक. दुसरा माणूस मध्यापासून मध्यापर्यंत मोजतो आणि थ्रो लिहितो. दोघंही चिठ्ठीवर नुसता आकडा टाकतात. एकदा मीच 'फरक 5' लिहून पिस्टनची ऑर्डर दिली होती. तो फरक स्ट्रोकचा होता, मी तो थ्रोचा समजून बसलो. पिस्टन टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, अडीच मिमी खाली राहिले, कॉम्प्रेशन पडलं, गाडी कसारा घाट धापा टाकत चढायची. तेव्हापासून चिठ्ठीवर शब्द लिहिल्याशिवाय आकडा लिहीत नाही.

या अर्ध्याच्या हिशेबाचं सगळ्यात सुंदर उदाहरण अमेरिकेतलं आहे. शेवरलेच्या 350 घनइंची इंजिनमध्ये 400चा क्रँक बसवून, बोअर जरासा वाढवून 383 बनवायची तिकडे जुनी रीत आहे. 350चा स्ट्रोक 88.39 मिमी, 400चा 95.25. फरक 6.86, अर्धा 3.43. आता कनेक्टिंग रॉड (क्रँक आणि पिस्टन जोडणारा दांडा) पाहा: 350चा 144.78, 400चा 141.35. फरक बरोबर 3.43! दोन्ही ब्लॉकची उंची सारखीच. म्हणून 400चा क्रँक आणि 400चेच रॉड घेतले तर 350चा पिस्टन जिथे यायचा तिथेच येतो. 6.86ने लहान रॉड घेतला असता तर पिस्टन साडेतीन मिमी खाली राहिला असता.

आपल्याकडचा लाडका बेत म्हणजे मारुतीची जिप्सी किंग. तिचं जी13 इंजिन 74 बाय 75.5, 1298 सीसी. जुन्या बलेनोचं जी16 हे 75 बाय 90, 1590 सीसी. भंगारात बलेनोचा क्रँक दिसला की डोळे चमकतात: 74 बोअरवर 90 स्ट्रोक, 1548 सीसी! पण स्ट्रोकचा फरक 14.5 आहे. तेच पिस्टन आणि तेच रॉड ठेवून चालायचं म्हटलं तर पिस्टन 7.25 मिमी हेडमध्ये, म्हणजे सिलेंडरच्या झाकणात, घुसणार. जर्नल जुळतात का, हा प्रश्न त्याच्या नंतरचा. यावर कोणी दोन हेड गॅस्केट एकावर एक टाकायचा सल्ला दिला तर त्याला नमस्कार करून निघा. पिस्टनचा माथा लेथवर खरवडणंही मला मंजूर नाही. योग्य कॉम्प्रेशन हाइटचे (पिस्टनच्या पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची) पिस्टन घ्या किंवा योग्य लांबीचे रॉड.

ॲम्बॅसिडरवाल्यांची गंमत वेगळीच. 'मोठ्या इंजिनचा क्रँक' शोधत फिरतात, पण ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) त्या बी-सीरिज इंजिनांत 1489, 1622 आणि 1798 सीसी, तिन्हींचा स्ट्रोक एकच, 88.9. कंपनीने फक्त बोअर वाढवला होता. तो क्रँक घालून एक सीसीसुद्धा वाढणार नाही.

ऑफसेट ग्राइंडिंगला, म्हणजे पिन एकाच बाजूने घासून तिचा मध्य सरकवताना, आकडे आणखी नाचतात. पिन व्यासात 2 मिमी कमी केली आणि सगळं मटेरियल आतल्या बाजूने काढलं, तर पिनचा मध्य 1 मिमी बाहेर सरकतो. थ्रो 1ने वाढला, स्ट्रोक 2ने, पिस्टन 1ने वर. 'क्रँक 2 घेतला' एवढंच सांगून ऑपरेटरला सोडून गेलात, तर तो चारी बाजूंनी सारखा ग्राइंड करून ठेवेल आणि तुमच्या हाती नुसता बारीक पिनचा क्रँक येईल. शिवाय एवढं खोल गेल्यावर नायट्राइडिंगचा (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून केलेला) कडक थर गेलेला असतो. तो परत करून घ्या, आणि बारीक पिनला बसतील असे रॉड आधी हातात असू द्या.

बाकीचं थोडक्यात. मेन जर्नल जाड असेल तर ग्राइंड होतो; 400चा क्रँक 350मध्ये घालताना मेन व्यासात साधारण 5 मिमी उतरवावे लागतात. काही क्रँकचं बॅलन्स फ्लायव्हील आणि पुलीवर असतं (400 त्यातलाच), तेव्हा तेही सोबत घ्या. चेंबर (पिस्टनच्या वर उरणारी ज्वलनाची पोकळी) तेवढाच आणि स्ट्रोक वाढला की कॉम्प्रेशन चढतं: 400 सीसीच्या सिलेंडरवर 50 सीसी चेंबर असेल तर 450 भागिले 50 म्हणजे 9, तोच सिलेंडर 440 झाला की 9.8. आरसी बुकात सीसी लिहिलेली असते आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 अशा बदलांसाठीच आहे, त्यामुळे पेठ रोडच्या आरटीओला एक चक्कर ठरलेली.

खालच्या टोकाचं मात्र सगळे विसरतात. तिथेही पिस्टन तेवढाच जास्त उतरतो आणि त्याचा स्कर्ट (पिस्टनचा खालचा भाग) क्रँकच्या बॅलन्सच्या वजनाला घासतो. रॉडचे बोल्ट ब्लॉकच्या कडेला लागतात, ऑइल सक्शनच्या जाळीलाही लागतात. म्हणून दोन्ही टोकं तपासायला, हेड कायमचं बसवायच्या आधी पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातली क्ले थापा, जुनं गॅस्केट घालून हेड कसा, टायमिंग लावून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. मध्येच अडला तर लांब पाना आणायला जाऊ नका. हेड उघडा, क्ले कापा आणि तिची जाडी मोजा.