सामुदायिक रेडिओत कॉम्प्युटर प्लेआउट कसा आला

आकाशवाणीतली टेपची स्पूल, कार्यक्रमांचा क्रम लिहिलेली क्यू शीट, ब्लेडने टेप कापून चिकटवणे हा सगळा इतिहास रंजक आहे, पण सामुदायिक रेडिओच्या, म्हणजे स्थानिक संस्थांनी आपल्या परिसरासाठी चालवलेल्या छोट्या केंद्रांच्या, वाट्याला तो फारसा आला नाही. तेलंगणातल्या पस्तापूर परिसरातल्या महिलांनी परवाना हाती यायच्या बरीच वर्षे आधीपासून कार्यक्रम रेकॉर्ड केले आणि कॅसेटवरून गावोगावच्या बैठकांत ऐकवले, असे काही अपवाद आहेत. बाकीची बहुतेक केंद्रे सुरू झाली तीच कॉम्प्युटर प्लेआउटवर, म्हणजे कार्यक्रमांच्या फाइली कॉम्प्युटरनेच क्रमाने वाजवण्यावर.

त्याचे कारण धोरणाच्या तारखांमध्ये आहे. डिसेंबर २००२ मध्ये फक्त शैक्षणिक संस्थांना परवानगी मिळाली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये चेन्नईत पहिले कॅम्पस केंद्र लागले. स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना दार उघडले ते नोव्हेंबर २००६ मध्ये. २००८ मध्ये पस्तापूर परिसरातले आणि आपल्याकडे साताऱ्यातल्या म्हसवडचे केंद्र प्रक्षेपित होऊ लागले, तोवर सेकंडहँड पीसी तालुक्याच्या गावी मिळत होता आणि एमपी३ घराघरात पोचले होते. परवान्याच्या अटींनीही कॉम्प्युटरचीच बाजू घेतली. निम्मे कार्यक्रम स्थानिक हवेत आणि प्रक्षेपित झालेले सगळे तीन महिने जपून ठेवायचे, हे कॅसेटवर कोण करणार?

खरा वाद झाला सॉफ्टवेअरवरून, आणि तो अजून पुरता मिटलेला नाही.

एका बाजूला स्पेनमधून आलेला, विंडोजवर चालणारा, फुकटचा झारारेडिओ. फोल्डर दाखवला की त्यातले कुठलेही गाणे उचलून वाजवतो, ठरल्या वेळी ठरलेली फाइल लावतो. वेळ सांगायची सोयही आहे. तासांच्या आणि मिनिटांच्या फाइली आपल्याच आवाजात भरून ठेवायच्या, तो त्या जोडून ऐकवतो. आता तास आधी आणि मिनिटे नंतर अशी जोडणी असल्याने सव्वानऊ, साडेनऊ, पावणेदहा काही त्याला जमत नाही. ‘नऊ वाजून तीस मिनिटे’ असे एसटी स्टँडच्या सुरात तो सांगतो. श्रोत्यांना त्याची सवय झाली.

दुसऱ्या बाजूला दिल्लीत तयार झालेली, विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारी ग्रिन्स ही मुक्त (कोणीही वापरावी, बदलावी अशी) प्रणाली. ती नुसती गाणी लावत नव्हती. श्रोत्याचा फोन घेणे, तो रेकॉर्ड करून प्लेलिस्टमध्ये टाकणे, एसएमएस, जुन्या कार्यक्रमांचा साठा हे सगळे एकाच पडद्यावर होते. कागदावर तिच्यापुढे झारारेडिओ पोरखेळ वाटावा. तरी ठिकठिकाणी झारारेडिओच टिकला. हा वाद ‘मुक्त विरुद्ध पायरेटेड विंडोज’ असा रंगवला जातो, पण माझ्या मते तो दुरुस्तीचा होता. मशीन बंद पडले की तालुक्यातला कॉम्प्युटरवाला येतो, फॉरमॅट मारतो आणि विंडोज टाकून जातो. लिनक्सच्या उबंटूची सीडी त्याच्या बॅगेत नसते. प्रशिक्षण देणारे परत गेल्यावर केंद्राला आधार त्याचाच.

अर्थात विंडोजचाही त्रास कमी नव्हता. भजन चालू असताना सिस्टिमचा ‘टिंग’ थेट ट्रान्समीटरवरून गावभर जायचा. मग प्लेआउटसाठी वेगळे साउंड कार्ड घ्यायचे आणि बाकीचे आवाज दुसऱ्यावर वळवायचे, हे लोक अनुभवाने शिकले. भारनियमनाने आणखी एक धडा दिला. वीज आली की मशीन आपोआप सुरू व्हावे, ही सेटिंग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्राममध्ये असते. ती लावून, पासवर्ड काढून, प्लेआउट मशीनबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांत (स्टार्टअपमध्ये) टाकला नाही तर पहाटेचे प्रक्षेपण माणूस येईपर्यंत मुके. जुन्या प्रोग्राममध्ये देवनागरी फाइलनावांची प्रश्नचिन्हे होत, म्हणून ओव्यासुद्धा रोमन लिपीत सेव्ह होऊ लागल्या. पुढे त्या शोधताना प्रत्येकाचे स्पेलिंग वेगळे!

या सोयीची एक किंमत होती, तिच्याबद्दल कमी बोलले जाते. फोल्डरमधून आपोआप गाणी वाजू लागली, तसे प्रक्षेपणाचे तास वाढले. माणसे तेवढीच राहिली. वाढलेले तास सिनेमाच्या गाण्यांनी भरले. त्यांच्या रॉयल्टीसाठी कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये प्रसारकांसाठी वैधानिक परवान्याची, म्हणजे ठरलेली रॉयल्टी भरून गाणी वाजवण्याच्या मुभेची तरतूद आली, पण जात्यावरच्या ओव्या फोल्डरच्या तळाशी गेल्या, त्या कायद्याने वर येणाऱ्या नव्हत्या.

२०११ मध्ये एअरटाइम हे मुक्त प्लेआउट सॉफ्टवेअर आले आणि २०१७ मध्ये त्यातून लिब्रेटाइम हे वेगळे सॉफ्टवेअर फुटले. दोन्हींत वेळापत्रक ब्राउझरमधून लावता येते. त्याचा उपयोग २०२० च्या टाळेबंदीत कळला. निवेदिका घरून मोबाइलवर रेकॉर्ड करून व्हॉट्सअॅपने पाठवत होत्या, आणि स्टुडिओत जायला परवानगी नसलेल्या केंद्रांना दुरून फाइल चढवण्याची सोय हवी होती.

प्लेआउटवरचा सध्याचा जोर जाहिरातींमुळे आहे. तासाला पाच मिनिटांची मर्यादा आधी सात झाली, २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ती बारावर नेली आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये केला. जाहिरात कोणत्या मिनिटाला वाजली याचा पुरावा बिलासोबत लागतो, आणि तो प्लेआउटच्या लॉगमधून, म्हणजे काय केव्हा वाजले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदीतून निघतो. त्यामुळे गाण्यांसाठी आणलेला हा प्रोग्राम आता हिशेबनीसाच्या टेबलावरही उघडा असतो.