पायरी गुडघ्याएवढी का? बेळगावच्या शहर बसची पार्श्वभूमी

माझी आत्या वडगावला राहते. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. बाजाराला निघाली की बसमध्ये कशी चढते, ते मी एकदा शेजारी उभं राहून नीट बघितलं. आधी पिशवी कुणाच्या तरी हाती वर जाते. मग डाव्या हातात निऱ्या, उजव्या हातात दाराचा दांडा. पाय कसाबसा पायरीवर टेकतो, पण अंग उचलत नाही. मागची बाई कोपराला आधार देते आणि आतून कंडक्टर "लगू लगू" करत असतो. ११ जून २०२३ पासून बायकांना मोफत प्रवास देणाऱ्या कर्नाटकाच्या शक्ती योजनेमुळे तिला तिकिटाचे पैसे पडत नाहीत. पायरी मात्र होती तेवढीच आहे.

ही पायरी एवढी उंच का, हे समजायला ट्रकच्या खाली वाकून बघावं लागतं. आपल्याकडची बस पिढ्यान् पिढ्या ट्रकच्या चासीवर, म्हणजे इंजिन-चाकांसह असलेल्या लोखंडी सांगाड्यावर, बांधली गेली. टाटांनी १९५४ मध्ये मर्सिडीज-बेंझशी करार करून ट्रक काढले, मद्रासेत अशोक लेलँड उभी राहिली. कारखान्यातून निघायची ती उघडी चासी. बॉडी तिच्यावर नंतर चढायची. इंजिन पुढे, तिथून मागच्या आसापर्यंत फिरता शाफ्ट, त्याच्या दोन्ही बाजूंना लांबलचक लोखंडी चॅनेल आणि या सगळ्याच्या वर पत्र्याची जमीन. ती जमीन रस्त्यापासून जवळजवळ मीटरभर वर जाते. पोती चढवायला ही उंची सोयीची, कारण हमालाच्या खांद्यावरून माल सरळ फळीवर सरकतो. माणसं त्याच उंचीवर चढवायची म्हणून दारात दोन-तीन पायऱ्या कापल्या गेल्या.

१ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर सरकारी एसटी सुरू झाली, तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, १९६१ ला तिथलं परिवहन महामंडळ झालं आणि १९९७ ला त्यातून हुबळीचं वायव्य कर्नाटक महामंडळ वेगळं निघालं. बसवरच्या पाट्यांची लिपी बदलली, रंग बदलले, चासीची जात तीच राहिली. त्यालाही कारण होतं, हे मान्य करायला हवं. खानापूरकडचा पाऊस, खेड्यांतले खड्डे, वाटेतले गतिरोधक या सगळ्यातून उंच गाडी निभावून जाते. तिचे सुटे भाग कुठंही मिळतात, कुठलाही मेस्त्री ती उघडू शकतो.

लो-फ्लोअरची, म्हणजे खाली जमीन असलेल्या बसची, कल्पना आली ती इंजिन मागे नेऊन. इंजिन मागे गेलं की मधला लांब शाफ्ट जातो आणि दोन आसांमधली जमीन खाली आणता येते. जर्मनीत निओप्लानने १९७६ मध्येच अशी बस दाखवली होती. आपल्या राज्यात २००६ च्या सुमारास बेंगळुरूत व्होल्वोच्या अशा गाड्या धावू लागल्या. पुढं केंद्राच्या नगरविकास खात्याने शहर बससाठी मापं ठरवली आणि जमिनीच्या तीन उंच्या धरल्या: ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर. ४०० च्या गाडीत फूटपाथवरून जवळजवळ सपाट पाऊल पडतं आणि दारातली फळी उघडली की व्हीलचेअर आत जाते. काही गाड्या थांब्यावर एका अंगाला झुकतातही. ६५० ला दारात एकच पायरी. ९०० म्हणजे जुन्या ओळखीच्या पायऱ्या.

४०० चा आग्रह बेळगावात सरसकट धरता येईल, असं मला वाटत नाही. गाडी महाग, चाकांवरच्या उंचवट्यांमुळे बाकडी कमी होतात, आणि तुंबलेल्या पाण्यात ती पोट घासते. पण टिळकवाडी, शहापूर, वडगाव या शहरातल्या फेऱ्यांना ६५० ची गाडी चालायला काय हरकत आहे? जी बस खेड्यातला मुक्काम करून येते, तीच शहरात फिरवण्याची सवय मोडली तरी पुष्कळ होईल.

कायद्याने हे काम जरा कचरतच सांगितलं. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात बस सोयीच्या करण्याची तरतूद होती, पण 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत'. २०१६ च्या कायद्याने जुन्या गाड्याही बदलायला सांगितल्या, तिथंही तांत्रिक शक्यता आणि परवडण्याची अट आलीच. १ मार्च २०२० पासून नव्या बससाठी राखीव आसनं, आधाराचे दांडे, कुबड्या अडकवायची सोय असे नियम लागू झाले. पायरी चढून आत पोचलेल्याला याचा उपयोग आहे. दारात अडकलेल्याचं काय?

शंभर किलोमीटरवर हुबळी-धारवाडला वेगळी वाट काढली. २०१८ पासून तिथं 'चिगरी' बस धावते. गाडीची जमीन उंचच आहे, पण थांब्याचा फलाटही तेवढाच उंच केलाय. दार उघडलं की घराचा उंबरा ओलांडावा तसं आत जायचं. स्वतंत्र मार्गिका आणि बांधीव स्थानकं असल्यामुळे ते जमलं. आमच्या अरुंद रस्त्यांवर तसे फलाट सगळीकडे मावणार नाहीत.

शिवाय बस कुठे थांबते, हाही प्रश्न आहेच. धर्मवीर संभाजी चौकात थांब्यापुढे रिक्षा आणि दुचाकी लागलेल्या असल्या की गाडी रस्त्याच्या मध्येच उभी राहते. मग आत्याला फूटपाथवरून खाली उतरून, दोन दुचाकींच्या मधून वाट काढत पुन्हा वर चढावं लागतं. लो-फ्लोअर गाडी आणली तरी अशा वेळी तिचा अर्धा फायदा रस्त्यातच जातो.

सकाळच्या एका फेरीचा ड्रायव्हर गाडी कडेच्या कट्ट्याला अगदी लावून उभी करतो. कट्ट्यावरून आत्याला एकच पायरी पडते. ती त्या गाडीची वाट बघते, मधल्या दोन सोडून देते.