जिटर बफर

इंटरनेटवरून चालणाऱ्या ध्वनिसंभाषणात आवाजाची पॅकेट्स, म्हणजे सुटे पाठवलेले छोटे तुकडे, अनियमित अंतराने येत असली, तरी ऐकणाऱ्याला तो सलग ऐकू यावा म्हणून आलेली पॅकेट्स क्षणभर थांबवून मग वाजवणारी, ऐकणाऱ्याच्या उपकरणातील साठवण. पॅकेट्सच्या प्रवासकाळातील चढउताराला ‘जिटर’ म्हणतात. कॉल नीट ऐकू येतो की नाही हे बहुतेक जण नेटच्या वेगावर ढकलतात. प्रत्यक्षात आवाजाला लागणारा वेग फार थोडा असतो आणि खरी कसोटी पॅकेट वेळेवर पोहोचण्याची असते.

जी.७११ या दूरध्वनीच्या जुन्या संकेतन-पद्धतीत, म्हणजे आवाज आकड्यांत बदलण्याच्या पद्धतीत, आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात. साधारणपणे २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटमध्ये जातो, म्हणजे १६० बाइट आवाज आणि त्यावर पत्त्या-क्रमांकाचे सुमारे ४० बाइट. अशी ५० पॅकेट्स दर सेकंदाला निघतात. ती सहसा यूडीपी या पोच न मागणाऱ्या पद्धतीने पाठवली जातात, कारण टीसीपी ही दुसरी पद्धत हरवलेले पॅकेट पुन्हा मागवते आणि ते येईपर्यंत मागची सगळी अडवून धरते. आरटीपी या प्रोटोकॉलने (१९९६, सुधारित आवृत्ती २००३) प्रत्येक पॅकेटवर अनुक्रमांक आणि कालमुद्रा (आवाज टिपल्याची वेळ) असे दोन आकडे ठेवले. बोलणारा गप्प असताना पॅकेट्स पाठवली गेली नाहीत, तर अनुक्रमांक जागेवर राहतो पण कालमुद्रा पुढे सरकते. त्यामुळे मधली पोकळी शांततेची आहे की हरवलेल्या आवाजाची, हे ऐकणाऱ्या बाजूला ओळखता येते.

वाटेतल्या राउटरमधील रांगा आणि वायफायवरील गर्दी यांमुळे एक पॅकेट ७० मिलिसेकंदांत, तर पुढचे १४० मिलिसेकंदांत पोहोचू शकते. बफर जितका मोठा, तितकी उशिरा आलेली पॅकेट्स अधिक सामावली जातात, पण तितकेच संभाषण मागे पडते. बफर लहान ठेवला, तर वाजवण्याची वेळ टळून गेलेले पॅकेट सुखरूप पोहोचूनही टाकून द्यावे लागते. म्हणूनच या विषयात विलंब आणि पॅकेट-हानी हे दोन वेगळे दोष मानणे चुकीचे ठरते. एक कमी करायचा तर दुसरा काही प्रमाणात पत्करावा लागतो.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा आणि जाळ्याची आखणी करताना ४०० च्या वर जाऊ नये. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यातील सरळ अंतर सुमारे १२,५०० किमी आहे आणि काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो; म्हणजे केबल अगदी सरळ असती तरी ६० मिलिसेकंद प्रवासातच गेले असते. उरलेल्या वेळात आवाज टिपणे, संकेतन, रांगा आणि बफर हे सगळे बसवायचे असते. पॅकेट्स हरवली तर ‘आवाज कट होतोय’ असे लगेच सांगता येते. विलंब मात्र ऐकू येत नाही: दोघे एकदम बोलू लागतात, एकदम थांबतात, आणि दोष जाळ्याऐवजी समोरच्या माणसाच्या स्वभावाला चिकटतो. त्यामुळे थोडी हानी सोसून विलंब आवरणे हेच बहुधा शहाणपणाचे असते.

पूर्वीचे बफर आपली लांबी दोन वाक्यांमधील शांततेतच बदलत. ग्लोबल आयपी साउंड या कंपनीने विकसित केलेले नेटइक्यू बोलणे चालू असतानाच आवाज किंचित ताणते किंवा आखडते. स्वरात एकच लहर पुन्हापुन्हा येत असते. तिचे एखादे आवर्तन वाढवले वा गाळले तरी स्वराची पट्टी बदलत नाही. गूगलने २०१० मध्ये ही कंपनी घेतली आणि २०११ मध्ये नेटइक्यू वेबआरटीसी या ब्राउझरमधून संभाषण करण्याच्या मुक्त प्रणालीचा भाग म्हणून सर्वांसाठी खुले झाले.

हरवलेला तुकडा झाकण्याची युक्तीही याच आवर्तनांवर उभी आहे. ‘काम’ या शब्दातील ‘आ’चे २० मिलिसेकंद गेले, तर मागचे आवर्तन पुन्हा वाजवून फट बुजते आणि कानाला कळतही नाही. ‘क’चा स्फोट मात्र तेवढ्याच अवधीत होऊन संपतो, ते पॅकेट गेले तर पुनरावृत्ती करावी असे मागे काही नसते. सलग अनेक पॅकेट्स गेली की आवाज हळूहळू मंद करत शांततेकडे नेला जातो, कारण लांबवलेला स्वर यंत्रासारखा घरघरतो.

ओपस या संकेतन-पद्धतीत (२०१२) पुढच्या पॅकेटमध्ये मागच्या तुकड्याची हलक्या दर्जाची प्रत जोडता येते. २०२४ च्या ओपस १.५ मध्ये न्यूरल नेटवर्कच्या साहाय्याने सुमारे एका सेकंदापर्यंतचा मागील आवाज अशा रीतीने सोबत नेण्याची सोय आली. तरीही प्रत पुढच्या पॅकेटमध्ये असल्याने ती येईपर्यंत बफरला थांबावेच लागते.

घरच्या राउटरमध्ये साचलेल्या रांगेवर ऐकणाऱ्याच्या बफरचा इलाज चालत नाही. एखादी मोठी फाइल अपलोड होत असताना ही रांग शेकडो मिलिसेकंदांची होऊ शकते. या दोषाला ‘बफरब्लोट’ म्हणतात. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली ‘कोडेल’ पद्धत रांगेतील थांबण्याचा वेळ मोजते आणि तो वाढून टिकून राहिला की मुद्दाम पॅकेट्स टाकून देते, म्हणजे पाठवणारा वेग कमी करतो. तिच्या ‘एफक्यू-कोडेल’ या रूपात प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी असते, त्यामुळे आवाजाचे छोटे पॅकेट फाइलच्या मागे अडकत नाही.