हात पोचतो, पाय पोचत नाही

मिशिगनमध्ये धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो. त्याआधीच्या एका शनिवारी मी माझ्या एका सहकाऱ्याच्या परसात ओकच्या झाडाखाली मान वर करून उभा होतो. सहकारी जमिनीपासून जेमतेम सहा फुटांवर होता आणि त्याचा उजवा पाय हवेत अडकला होता. पुढची पायरी त्यानेच स्वतःच्या हाताने बांधली होती, अगदी नीट, घट्ट. पण ती त्याच्या पोटाच्या वर आली होती. हात तिथे सहज पोचला होता, पाय काही पोचेना.

मी शिकारी नाही. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय जवळजवळ संपलाच, आणि ते चांगलंच झालं. इथे परवाने, हंगाम, कोणत्या भागात किती हरणं मारायची याचे हिशेब असं सगळं बांधलेलं आहे. दक्षिण मिशिगनमधून लांडगे कधीच नाहीसे झाल्यामुळे हरणांची संख्या आवरायचं काम बरंचसं माणसांवरच येऊन पडलं आहे. पण मला त्या दिवशी धरून ठेवलं ते त्या अडकलेल्या पायाने. माझं बालपण मालवणकडचं. माडावर सरसर चढणारी माणसं पाहत मोठा झालो. त्यांना न अडणारी गोष्ट इतक्या सामानासकट माणसाला का अडावी, हे मला समजून घ्यायचं होतं.

आधी सामान सांगतो. पूर्वी इथे झाडावर मचाण बांधत, किंवा लोखंडी खुर्ची अडकवत. आता बरेच जण सॅडल वापरतात. सॅडल म्हणजे खोगीर, पण हे खोगीर माणसाच्या कमरेला आणि मांड्यांना बसतं. त्याला जोडलेला टेदर नावाचा दोर डोक्याच्या वर खोडाला बांधायचा, एका छोट्या फळीवर पाय टेकवायचे आणि खोडाकडे तोंड करून दोराला रेलून बसायचं. सगळं पाठीवरच्या पिशवीत मावतं, त्यामुळे वारा बदलला की झाड बदलता येतं. वर जायला स्टिक असतात. स्टिक म्हणजे हात-दीड हात लांबीचा अॅल्युमिनियमचा दांडा, त्यावर दोन पायऱ्या, आणि खोडाला आवळायला एक पट्टा किंवा दोर. सरकारी जंगलात झाडात स्क्रू घुसवायला बंदी आहे, म्हणून सगळा भर या आवळण्यावरच. वजन एकेकीचं किलोच्या आसपास. तीन-चार स्टिक पाठीवर घेऊन माणूस अंधारात मैलभर चालतो, त्यामुळे पाचवी, सहावी घ्यायला कोणी तयार नसतो.

म्हणजे प्रश्न असा, की त्याच चार स्टिकमध्ये जास्त उंची कशी काढायची?

याचं उत्तर आपल्या शरीराच्या मापांत आहे. माझी उंची १७३ सेंटीमीटर. उभं राहून दोन्ही हातांनी पट्टा आवळायचा तर डोक्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण १७० सेंटीमीटरपर्यंत मला नीट काम करता येतं. स्टिकची खालची पायरी पट्ट्याच्या ४० सेंटीमीटर खाली धरली, तर ती माझ्या तळपायापासून १३० सेंटीमीटरवर येते. छातीपाशी. आता पाय किती उचलता येतो ते पाहा. पायरी गुडघ्याइतकी, म्हणजे ४५ सेंटीमीटरच्या आसपास उंच असली की पाय ठेवल्यावर मांडी जमिनीला समांतर होते. वजन ८० किलो, मांडीची लांबी ४० सेंटीमीटर, आणि समोर खोड असल्याने गुडघा पुढे सरकायला जागा नाही. सगळा भार त्या एका पायावर आला तर गुडघ्यावरचं आघूर्ण, म्हणजे फिरवणारा जोर, तीनशे न्यूटन-मीटरच्या वर जातं. मोटारीच्या चाकाचा नट आवळायला शंभर-सव्वाशे लागतं, त्याच्या जवळजवळ तिप्पट. मागच्या पायाचा रेटा आणि हातांचा आधार मिळतो म्हणून निभतं. पायरी याहून उंच असेल तर कमरच गुडघ्याच्या खाली राहते आणि पायाने नीट खाली दाबताच येत नाही.

म्हणून नुसत्या स्टिकने चढणारा माणूस पुढची स्टिक कमरेपाशीच बांधतो. ४५ सेंटीमीटरची पहिली पायरी, वर ४०ची दुसरी, एका स्टिकमागे ८५ सेंटीमीटर. चार स्टिकमध्ये ३.४ मीटर, अकरा फूट. हात १७०पर्यंत पोचत असताना वरची सगळी पोच वाया जाते.

ती वाया जाणारी जागा एडर भरून काढतो. एडर म्हणजे स्टिकच्या खालच्या टोकाला लोंबकळत ठेवलेली पट्ट्याची शिडी, एक-दोन-तीन फासांची. वजन शे-दीडशे ग्रॅम. कडे चढणारे गिर्यारोहक असल्याच शिड्या फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. आता स्टिक डोक्याच्या पातळीला बांधा, खाली दोन फास सोडा. तळपायापासून ४५, मग ८८, मग १३०, मग १७०. एका स्टिकमागे ८५ऐवजी १७० सेंटीमीटर, म्हणजे बरोबर दुप्पट. चार स्टिकमध्ये ६.८ मीटर, बावीस फूट. मला हे फार सुंदर वाटतं. मूठभर पट्ट्याने हाताच्या आणि पायाच्या पोचेतला फरक बुजवला.

सहकाऱ्याने एडर लावला, फासात पाय घातला, उभा राहायला गेला आणि पाय सुळकन पुढे जाऊन खोडाच्या बगलेतून निसटला. तो गर्रकन अर्धा फिरला. खोडाभोवतून घेतलेला पट्टा कमरेला होता म्हणून काही झालं नाही.

हे का होतं, यावर मी त्या दिवशी रात्रभर कागद काळे केले. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळी गोम इथेच आहे.

खोडाला चिकटून उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य खोडापासून साधारण ३० सेंटीमीटर बाहेर असतो. पायरी मात्र खोडापासून १० सेंटीमीटरवर. म्हणजे वजन आधाराच्या २० सेंटीमीटर बाहेर पडतं आणि शरीराला मागे उलथवू पाहतं. ८० किलोचं वजन म्हणजे ७८५ न्यूटन, गुणिले ०.२ मीटर, १५७ न्यूटन-मीटर. हे उलथवणारं आघूर्ण कोणीतरी थोपवायला हवं. ते जोडीनेच थोपवता येतं: वर काहीतरी शरीराला खोडाकडे ओढतं, आणि खाली काहीतरी तेवढ्याच जोराने पायांना खोडापासून दूर रेटतं. दोन्हींत एक मीटर अंतर असेल तर दोन्हीकडे १५७ न्यूटन, म्हणजे सोळा किलोचा जोर.

माडावर चढणारा नेमकं हेच करतो. हातांनी माड स्वतःकडे ओढतो, तळव्यांनी दूर ढकलतो. गोव्यात सुरेच्या माडांना रेंदेर, म्हणजे सूर काढणारे, खाचा पाडून ठेवतात, तीसुद्धा ही ढकलायचीच जागा. आणि विजेच्या खांबावरचा वायरमन कमरेच्या पट्ट्यावर रेलतो तेव्हा हातांचं ओढायचं काम तो पट्टा करतो.

आता खालचं बल. स्टिकची पायरी ताठ धातूची आहे. पायाने खोडाकडे रेटलं तर ती हलत नाही, तिचे दाते सालीत रुतलेले असतात. पट्टा तसा नाही. पट्ट्याला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही, आणि त्याचा ताण नेहमी त्याच्याच दिशेत असतो. झोपाळ्यावर उभं राहून कड्या हातात धरा आणि पाय पुढे रेटा. फळी विरोध करत नाही, मुकाट पुढे जाते. एडरचा फास तसाच पुढे जातो आणि खोड लागेपर्यंत थांबत नाही. म्हणून सोळा किलोचं ते बल द्यायला खोडच हवं. बुटाचं टोक सालीवर टेकलं, आणि ते खोडाच्या मधोमध टेकलं, तरच हिशेब जुळतो. खोड गोल आहे. टोक जरा बाजूला लागलं की खोडाची प्रतिक्रिया तिरकी होते, तिचा एक भाग पायाला बाजूला ढकलतो आणि माणूस फिरतो. बारीक खोडावर हे लवकर होतं, जाड खोडावर उशिरा. बीच नावाच्या झाडाच्या गुळगुळीत सालीवर टोक घसरतं, हिकरीच्या खरबरीत सालीवर टिकतं.

स्टिकलाही हाच नियम लागतो. वजन खोडापासून १० सेंटीमीटर बाहेर लोंबतं, त्यामुळे स्टिकचा वरचा भाग बाहेर पडू पाहतो, तो पट्ट्याने धरलेला असतो, आणि खालचे दाते सालीत दाबले जातात. पट्टा आणि खालचे दाते यांत ४० सेंटीमीटर अंतर असेल तर वीस किलोच्या जोराने. जितकं वजन जास्त तितकी पकड जास्त. पण पाय मागे झटकला, फास बाहेरच्या दिशेने ओढला गेला, तर खालचे दाते सालीवरून उचलले जातात आणि स्टिक पट्ट्याभोवती फिरू शकते.

म्हणजे एडरवर चढताना करायचं ते एवढंच: कमरेचा पट्टा ताणलेला, गुडघा खोडाला टेकलेला, बुटाचं टोक सालीत, आणि उभं राहताना जोर सरळ खाली. सहकाऱ्याने दुसऱ्या दिवशी हे असं केलं आणि चारही स्टिक संपवून वर पोचला.

काही जण चार स्टिक न नेता एकच नेतात. एका स्टिकवर चढायचं, टेदर वर सरकवून त्याला लटकायचं, खालची स्टिक सोडवून वर बांधायची, परत चढायचं. उतरताना दोरावरून. यात सगळा जीव टेदरवरच्या घर्षणगाठीवर असतो. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१मध्ये मांडलेली प्रुसिक गाठ सह्याद्रीत दोरावर चढणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. इथल्या गाठी तिच्याच नात्यातल्या. भार नसताना बोटाने सरकते, भार आला की आवळते. वेढ्यांची ताकद कशी वाढते हे पाहायचं तर जेटीवर होडी बांधणाऱ्याकडे पाहावं. ऑयलरच्या सूत्राप्रमाणे, घर्षण गुणांक ०.३ असेल तर खुंटाला एक वेढा दिल्यावर हातातल्या जोराच्या ६.६ पट ओढ पेलते, दोन वेढ्यांनी ४३ पट, तीन वेढ्यांनी २८६ पट. वेढे बेरजेने वाढतात, पकड गुणाकाराने. गाठीत याच्या जोडीला दोराचं दबणं आणि वाकणंही येतं, पण मूळ हेच.

आणि टेदर कधीही ढिला ठेवू नये. ८० किलोचा माणूस ६० सेंटीमीटर मोकळा पडला आणि न ताणणाऱ्या दोराने त्याला १० सेंटीमीटरमध्ये थांबवलं, तर थांबवताना सरासरी बल वजनाच्या सात पट असतं, म्हणजे ५६० किलोचा झटका. दोर टिकेल, कंबर टिकेलच असं नाही.

आता उंची कशासाठी, ते. इथे बऱ्याच जणांचं म्हणणं असतं की तीस फुटांवर गेलं की हरणाला आपला वासच येत नाही. हे साफ चूक आहे. वास हवेबरोबर जातो. सकाळी ऊन तापलं की उतारावरची हवा वर चढते, संध्याकाळी गार झालेली जड हवा उताराने खाली वाहते, पाण्यासारखी. उंचीमुळे फक्त तुमचा वास जमिनीला कुठे टेकतो ते बदलतं. नजरेचं थोडं खरं आहे. हरणाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, बाहुली आडवी, आणि दृष्टिपटलावर सर्वांत तीक्ष्ण नजरेचा पट्टाही आडवा, क्षितिजाला समांतर. जमिनीवरचं तीनशे अंशांतलं हलणं त्याला टिपता येतं, वरचं त्या मानाने कमी. पण तोही फायदा पंधरा-वीस फुटांत मिळून जातो.

त्यापुढे तोटा सुरू होतो. हरीण झाडापासून ९ मीटरवर असेल आणि तुम्ही ६ मीटर उंच, तर बाण क्षितिजाशी ३४ अंशांनी खाली जातो. ९ मीटर उंच असाल तर ४५ अंशांनी. बाण जितका उभा, तितका तो दोन्ही फुप्फुसांतून जायची शक्यता कमी. एकच फुप्फुस फुटलेलं हरीण खूप लांब पळू शकतं आणि कुठेतरी झुडपात तडफडत मरू शकतं, सापडतही नाही. उंचीच्या हौसेपायी हे होणं मला अक्षम्य वाटतं.

शिकाऱ्यांत चंद्राचे तक्तेही चालतात. जॉन आल्डेन नाइट यांनी १९२६मध्ये सोलुनार नावाचा सिद्धांत मांडला, चंद्र डोक्यावर किंवा पायाखाली असला की जनावरं हालचाल करतात म्हणे. आजही त्याचे अॅप विकले जातात. हरणांना जीपीएस पट्टे लावून केलेल्या अभ्यासांत असा ठोस संबंध निघाला नाही. हालचाल वाढते ती पहाटे आणि तिन्हीसांजेला, रोजच. आमच्याकडे अमावास्येला माडावर चढू नये म्हणत. घसरून पडलेल्यांचं कारण तिथीत शोधलं की ओल्या सालीकडे लक्ष जात नाही.

हंगामाच्या पहिल्या दिवशी सहकाऱ्याने तीनच स्टिक नेल्या, प्रत्येकीला दोन फासांचा एडर. एका हिकरीवर चढला. तीन गुणिले १७०, पाच मीटर दहा सेंटीमीटर. चौथी त्याने गॅरेजमध्ये ठेवली होती. संध्याकाळी फोनवर त्याने एवढंच विचारलं, की बुटाचं टोक आणखी निमुळतं घेतलं तर चालेल का. मी म्हटलं, निमुळतं नको, रबर मऊ घे.