४२९४९६७२९७ (संख्या)

४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७ ही दहा अंकी विषम संख्या २ च्या ३२ व्या घातात १ मिळवल्यावर येते. घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असा दुप्पट करत जाऊन २ च्या घातात १ मिळवला, की येणाऱ्या संख्यांना फेर्मा संख्या म्हणतात. त्यांपैकी ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. प्रस्तुत सहावी मात्र संयुक्त असून ६४१ आणि ६७००४१७ हे तिचे दोनच मूळ अवयव आहेत.

अशा सर्व संख्या मूळ असाव्यात, असे मत फ्रेंच गणितज्ञ पिएर द फेर्मा यांनी १६४० मध्ये पत्रांतून मांडले होते. सिद्धता मात्र त्यांच्यापाशी नव्हती. गणितज्ञ गोल्डबाख यांनी १७२९ मध्ये हा प्रश्न गणितज्ञ ऑयलर यांच्यापुढे ठेवला आणि १७३२ मध्ये ऑयलर यांनी ६४१ हा अवयव दाखवून ती अटकळ खोटी ठरवली. सरधोपट मार्गाने अवयव शोधायचा, तर ६५५३६ पर्यंतच्या ६५४२ मूळ संख्यांनी भागून पाहण्याची तयारी ठेवावी लागते. परंतु या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो, हे ऑयलर यांनी पुढे सिद्ध केले. ते लक्षात घेतल्यास १९३, २५७, ४४९ आणि ५७७ यांच्यानंतर पाचव्याच भागाकारात ६४१ हाती लागतो.

प्रत्यक्ष भागाकार न करताही ६४१ ने भाग जातो हे दाखवता येते. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १. म्हणून ६४१ ने भागताना ५ × १२८ च्या जागी −१ घेता येतो. १२८ हा २ चा ७ वा घात असल्याने चौथा घात केल्यावर ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १ उरते. पण ६४१ म्हणजेच ६२५ + १६, तेव्हा ६२५ च्या जागी −१६ घालताच २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ ठरते, म्हणजे त्यात १ मिळवल्यास बाकी शून्य.

फेर्मा यांच्याच प्रमेयानुसार, मूळ संख्येने भाग न जाणाऱ्या कोणत्याही पायाचा त्या मूळ संख्येहून १ ने कमी घात केला, तर तिने भागल्यावर बाकी १ उरते. त्यावर आधारलेली, २ हा पाया घेऊन केलेली मूळपणाची चाचणी ही संख्या उत्तीर्ण होते, त्यामुळे ती छद्ममूळ संख्यांत, म्हणजे मूळ नसूनही अशी चाचणी पार करणाऱ्या संख्यांत मोडते. पाया ३ घेतला असता, तर फेर्मा यांना स्वतःच्याच प्रमेयाने आपली चूक कळली असती, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे.

दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात ती दोन प्रकारे मांडता येते : ६५५३६ आणि १ यांचे वर्ग, किंवा ६२२६४ आणि २०४४९ यांचे वर्ग. मूळ संख्येला असे दोन प्रकार असूच शकत नाहीत.

इतक्या बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी व कंपास वापरून काढता येत नाही. याउलट तिच्याहून २ ने लहान असलेली ४२९४९६७२९५ ही संख्या पहिल्या पाच फेर्मा संख्यांचा गुणाकार आहे. विषम बाजूंच्या रचनाक्षम, म्हणजे पट्टी व कंपासने काढता येणाऱ्या सुसम बहुभुजांपैकी आज ज्ञात असलेला सर्वांत मोठा बहुभुज नेमका तितक्याच बाजूंचा आहे.