उपग्रहाला आपला ठावठिकाणा ठाऊक नसतो

मोबाइलमधील जीपीएस सुरू केले की उपग्रह आपल्यावर नजर ठेवतो आणि आपण कोठे आहोत हे फोनला कळवतो, असा समज गेली अनेक वर्षे प्रचलित आहे. प्रत्यक्षात हा व्यवहार एकतर्फी असतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे हे उपग्रह स्वतःचे स्थान आणि अणुघड्याळावरची अचूक वेळ रेडिओ लहरींद्वारे सतत प्रसारित करीत राहतात, आणि तो संदेश कोण ऐकत आहे, किंबहुना कोणी ऐकत आहे की नाही, याचा त्यांना पत्ताही नसतो. आकाशवाणी केंद्राला श्रोता दिसत नाही, तसेच हे. संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून अंतराचे गणित फोनच करतो. त्यासाठी साधारणपणे किमान चार उपग्रह लागतात, कारण अक्षांश, रेखांश व उंची यांखेरीज फोनच्या साध्या घड्याळातील चूकही शोधून काढावी लागते, आणि एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात जवळपास ३०० मीटरांचा फरक.

पाळतीची भीती मात्र सर्वस्वी निराधार नाही, फक्त तिचा रोख चुकीच्या दिशेला आहे. फोनने काढलेले स्थान एखादे ॲप इंटरनेटवरून इतरत्र पाठवू शकते, आणि जीपीएस बंद असतानाही मोबाइल कंपनीला मनोऱ्यांवरून फोनचा अंदाजे ठिकाणा कळतो.