दहावा आवा

फ्रान्सच्या दक्षिणेला तार्न आणि दुर्बी नद्यांच्या संगमाजवळ ला ग्रोफझेंक नावाची जागा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इथे रोमन साम्राज्यातला कुंभारकामाचा एक प्रचंड कारखाना होता. थाळ्या, वाडगे, कप, सगळे लालभडक आणि चकचकीत.

उत्खननात इथे एक मोठी भट्टी सापडली. तिच्यात एका वेळी 30 ते 40 हजार भांडी भाजता येत. आपल्या कुंभाराच्या आव्यात मडकी आणि जळण एकमेकांत रचलेली असतात. त्यामुळे धूर लागून काही मडकी काळवंडतात. इथे तसं चालणार नव्हतं. चिकणमातीतल्या लोहाला ऑक्सिजन मिळत राहिला तरच ते लाल होतं. म्हणून जाळ खालच्या कप्प्यात ठेवून तापलेला वायू मातीच्या नळ्यांमधून वर नेत. भांड्यांना उष्णता मिळे, धूर लागत नसे. तापमान 1000 अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की अंगावर दिलेला बारीक मातीचा लेप घट्ट बसून चकाके.

मला मात्र भट्टीहून मोठा ठेवा वाटतो तो थाळ्यांवर कोरलेल्या याद्यांचा. कुणाची किती भांडी आत गेली, हे कच्च्या थाळीवर टोकाने ओरखडून लिहीत आणि ती थाळीही त्याच आव्यात भाजत. म्हणजे भट्टी सामाईक, माल ज्याचा त्याचा. अनेक याद्यांत एकेका यादीचीच बेरीज 25 हजारांच्या पुढे जाते. लिपी रोमन, पण भाषेत लॅटिनबरोबर स्थानिक गॉलिश मिसळलेली. एका यादीच्या माथ्यावर लिहिलंय, ‘तुथोस देकामेतोस लुक्स्तोस’: दहावा आवा भरला.

‘देकामेतोस’ म्हणजे दशम. इतर आव्यांचे क्रमही वाचून पाहा: ‘त्रितोस’ तृतीय, ‘ओक्स्तुमेतोस’ अष्टम. गॉलिश आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, हे पुस्तकात वाचलेलं असतं. पण कुंभाराच्या हिशेबात ते असं समोर आलं की अंगावर काटा येतो.

यातला माल फार दूर जाई. इटलीतल्या पाँपेई शहरात एक न उघडलेली पेटी सापडली: 90 वाडगे, 37 दिवे. वाडग्यांतले बरेचसे याच भागातले होते. ते मांडून ठेवण्याआधीच, इसवी सन 79 मध्ये, शेजारच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला.